पूर्व भागाचा गोलकीपर

रविवार, २ डिसेंबर १९७३

हरलो. तीन–शून्य. हाफटाइमलाच लोक उठून गेले. शेवटी आमच्या बाजूच्या दगडांवर उरलो मी, कोंडीबा आणि एक कुत्रं.

सामना संपल्यावर विरुपाक्षशेठ मैदानात उतरले. कपडे, बूट, बॉल — शिवयोगी क्लबाचा सगळा खर्च तेच करतात. पोरांना म्हणाले, "पुढच्या रविवारी जिंका. नाही जिंकलात तर आपण खालच्या गटात जाणार, आणि खालच्या गटातल्या पोरांना मी बूट घेऊन देणार नाही. क्लब बंद." पोरं मान खाली घालून नाड्या सोडत बसली होती. एकानंही वर बघितलं नाही.

बरोबरी चालणार नाही. जिंकायलाच हवं. आणि शेवटचा सामना पूर्व भाग संघाशी, विणकर वस्तीतल्या पोरांशी! त्यांचा गोलकीपर मल्लेशम. यंत्रमागावर चादरी विणणारा पोरगा, पण गोलात उभा राहिला की समोरच्याला गोल दिसेनासा होतो.

कोंडीबा टांगा हाकतो. कित्येक वर्षं माझ्या शेजारी बसतो आणि ओरडतो. आज सगळा राग माझ्यावर. "तू कसला रं शिवयोगीवाला? देवळात बसल्यागत बसतोस. तोंडातनं एक शबुद न्हाय."

मी म्हटलं, माझं आतून असतं.

"आतलं बॉलला कळत न्हाय, शिवप्पा."


सोमवार, ३ डिसेंबर

दुकानात दिवसभर तेच डोक्यात. मी कसला शिवयोगीवाला?

गावाकडून आलो तेव्हा मिसरूड फुटून थोडेच दिवस झाले होते. नवी पेठेत कापडाच्या दुकानात चिकटलो. सुट्टीच्या दिवशी बोलायला माणूस नाही. एकदा असाच चालत मैदानाकडे गेलो. कडेच्या दगडांवर दाटीनं माणसं बसली होती. एक म्हातारा जरा सरकला आणि म्हणाला, "बसा की." बसलो. ती शिवयोगीची बाजू होती, हे मागाहून कळलं. मैदानाच्या पलीकडून आलो असतो तर पूर्व भागाचा झालो असतो. असल्या गोष्टी आपण ठरवत नाही. घर ठरवून कुठं जन्माला येतो?

तेव्हापासून ती बाजू सोडली नाही. ओरडलो नाही हे खरं. देवापाशी क्लबासाठी काही मागितलंही नाही. वडिलांनी शिकवलं होतं — इष्टलिंग तळहातावर घेतलं की नुसतं बघायचं, मागायचं नाही. आणि मागायचं तरी कसं? पलीकडच्या बाजूलाही कुणीतरी हात जोडून बसलेलं असतंच.


गुरुवार, ६ डिसेंबर

पॉपलीन फाडताना चुकलो. मालकांनी नुसतं बघितलं.


रविवार, ९ डिसेंबर

जिंकलो. एक–शून्य. क्लब वाचला.

लिहू नये असं वाटतं. पण दुसरं कुणाला सांगू?

मल्लेशमनं सगळं अडवलं. वरून आलेलं, खालून आलेलं. एकदा तर पाठमोरा पडलेला असताना हात मागं नेऊन बॉल थोपवला. कोंडीबाही शिव्या द्यायचा विसरला. वेळ संपत आली होती. विरुपाक्षशेठ धोतराचा सोगा हातात घेऊन जायला निघालेले मला दिसले. आणि माझ्या मनात आलं, की पुढच्या रविवारी मी कुठं जाऊ? पन्नाशीला टेकलेला माणूस मी. पोरबाळ नाही. त्या दगडांवर माझी जागा आहे, बाकी काय आहे?

तेव्हा मी डोळे मिटले आणि मागितलं. आयुष्यात पहिल्यांदा. शब्द असे होते — "सिद्धरामा, एवढा माणूस मधनं काढ."

गोल होऊ दे असं नाही म्हटलं. आमच्या पोरांना बळ दे असं नाही म्हटलं. त्याला काढ, असंच म्हटलं.

डोळे उघडले तर कॉर्नर होता. मल्लेशम उंच उडाला, बॉल घेतला, आणि उजवा हात खांबावर आपटला. तो आवाज आमच्या बाजूपर्यंत आला. मग तो आईला हाका मारायला लागला, तेलुगूत. दोघांनी धरून बाहेर नेला. बदली पोरगा उभा राहिला, त्याच्या दोन पायांमधून गोल गेला.

कोंडीबानं मला मिठी मारली. पेढे वाटले. माझा पेढा खिशातच राहिला.


सोमवार, १० डिसेंबर

सकाळी विभूती लावून पूजेला बसलो. लिंग तळहातावर घेतलं आणि बघवेना. वस्त्रात गुंडाळून पुन्हा गळ्यात घातलं.

बायकोला, सुंदरम्माला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "देव काय तुमच्या क्लबाचा मेंबर हाय? वर्गणी भरतो?" मी म्हटलं, चेष्टा नको. ती म्हणाली, "चेष्टा न्हाई. हात मोडलाय तर बघून या. हितं बसून हाड जुळंल का?"


मंगळवार, ११ डिसेंबर

सरकारी दवाखान्यात गेलो. वॉर्डात शेवटची खाट. कोपरापर्यंत प्लास्टर. विशीतला पोरगा. गोलात किती मोठा दिसायचा!

नाव सांगणार होतो, पण त्यानंच ओळखलं. "तुमी शिवयोगीचे मामा ना? दगडावर गप बसणारे?"

मी म्हटलं, तुला कसं ठाऊक?

"गोलकीपरला बघण्याशिवाय काय काम असतं, मामा? तुमच्या बाजूची सगळी मला शिव्या देतात. माझ्या आईला, आजीला, कुणाला सोडत नाहीत. तुमी एकटे देत नाही. मी आमच्या पोरांना दाखवलंय — तो बघा, तिकडं एक चांगला माणूस बसतो."

नंतर हसून म्हणाला, "एक गोल करायला तुमच्या पोरांना माझं हाड मोडावं लागलं की."

मला पाणी हवं होतं. त्याच्याच तांब्यातलं प्यायलो.

त्याच्या संघातलं अजून कुणी आलं नव्हतं. लाजत असतील, असं तोच म्हणाला.


शनिवार, १५ डिसेंबर

आज कोंडीबाच्या टांग्यातून घरी आलो. वाटेत त्याला सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. लगाम ढिला सोडून माझ्याकडे वळला.

"दरसाल मी नारळ फोडतो. मसोबाला कोंबडं कबूल केलं हुतं, ते बी दिलं. माजं एकदा ऐकलं न्हाय. अन् तू एकदा तोंड उघडलंस..."

हेवाच वाटला त्याला! मी म्हटलं, अरे, पोराचा हात मोडला.

"ते न्हाय रं. म्हंजे आपली पोरं जितली न्हाईत? तू जितलास?"

घर आलं. मी उतरलो तेव्हा म्हणाला, "हे क्लबात कुनाला सांगू नगंस. पोरं लई खूश हायत."


रविवार, २३ डिसेंबर

मल्लेशमला घरी सोडलंय. दुकान सुटलं की जातो. एक खोली, बाहेर ओसरीवर आई नरसव्वा विड्या वळत बसते. पोरगा मागावर जात नाही म्हणून हल्ली दिवे लागेपर्यंत वळते. मराठी थोडं येतं. मला बघितलं की सूप बाजूला सारते, चहा टाकते. तिच्या चहाला नाही म्हणता येत नाही.

आज कोंडीबाही आला. केळी घेऊन, पण तोंड वाकडं करून. पाच मिनिटांत दोघं भांडायला लागले. ऑक्टोबरातल्या सामन्यातला तो गोल रेषेच्या आत होता की बाहेर!

"आत हुता. मी बघितला."

"तुमी टांग्यावाले, मामा. तुमाला घोड्याच्या कानांच्या मधलंच दिसतं."

"अन् तुला? तू तर आडवा पडला हुतास."

"पडूनच जवळनं दिसतं."

नरसव्वा हसली. कोंडीबानं केळं सोलून मल्लेशमच्या डाव्या हातात दिलं. परतताना म्हणाला, "पोरगं चांगलं हाय. पूर्व भागाचं हाय, पर चांगलं हाय."


रविवार, ३० डिसेंबर

विरुपाक्षशेठनी क्लबात सत्कार ठेवला होता. नवे बूट, नवे निळे कपडे. मला पुढं बसवलं. शेठ म्हणाले, "खरा पाठीराखा बघायचा तर शिवप्पांना बघा. क्लब बुडत होता तेव्हाही जागेवरून हलले नाहीत." टाळ्या. मागून कुणीतरी बोललं, "आता हलतात की, रोज पूर्व भागाकडं!" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "पूर्व भागाचा मामा." तेही हसण्यावारी गेलं, पण शेठ हसले नाहीत.

हार गळ्यात होता. झेंडूचा वास डोक्यात चढला.

खरा पाठीराखा म्हणजे कोण, हे आता मला सांगता येणार नाही. आधी वाटायचं, जो हरण्यात सोबत बसतो तो. पण मी हरण्यात बसू शकलो नाही, हेच तर झालं. थोडं आणखी बसलो असतो, हरू दिलं असतं, क्लब बुडाला असता, तर निदान त्याच्याबरोबर स्वच्छ बुडालो असतो. कोंडीबा शिव्या देतो, नवस करतो, पण तो कधी कुणाला मधून काढ म्हणाला नसेल. त्याचं सगळं तोंडावाटे निघून जातं. माझं आत साठत गेलं. गप्प बसण्याला मी भक्ती समजत होतो.

नवीन वर्षातले सामने बघायला जाणार नाही. त्या जागेवर बसवणार नाही आता.


मंगळवार, ८ जानेवारी १९७४

मल्लेशमची बोटं प्लास्टरातून बाहेर दिसतात, पण हलत नाहीत. डॉक्टर म्हणाले, प्लास्टर काढल्यावर बघू. यंत्रमागाच्या मालकानं निरोप धाडलाय — महिनाअखेरीला येणार असशील तर सांग, नाहीतर दुसरा माणूस घेतो. मागावर धागा तुटतो तो बोटांनी जोडावा लागतो. बोटं नसतील तर विणकर कशाचा?

आज चेष्टा नव्हती. आई आत गेल्यावर हळू बोलला. "मामा, एक मागू? तुमच्या कपाळाला रोज इभूत असते. आई देवाला मागते, पण ती सारखंच मागते. भाजी स्वस्त होऊ दे, हेही मागते. देव कंटाळला असेल. तुमी कधी मागत नसाल. तुमचं ऐकेल. माझ्या हातासाठी मागा की."

मी हो म्हणालो.


बुधवार, ९ जानेवारी

बसलो. लिंग हातावर घेतलं. शब्द फुटेना.


गुरुवार, १० जानेवारी

आजही नाही. भीती वाटते. मागच्या वेळी दिलं ते कुणाचं तरी घेऊन दिलं. आता हा हात सरळ करायला कुणाचा वाकडा करेल? आणि कोणत्या तोंडानं मागू? काढ म्हणणाराही मीच, दे म्हणणाराही मीच.


रविवार, १३ जानेवारी

गड्ड्याची जत्रा भरलीय. पाळण्यांचा कर्कश आवाज घरापर्यंत येतो. सुंदरम्मा मला सिद्धेश्वराच्या, आमच्या सिद्धरामाच्या, देवळात घेऊन गेली. तळ्याकाठी मी थांबलो.

"आत चला की."

मी म्हटलं, तू जा.

"त्या पोराला हो म्हनून आलाय न्हवं?"

ती एकटीच आत गेली. बराच वेळ आली नाही. आल्यावर विचारलं, काय मागितलंस एवढं? म्हणाली, "ते सांगायचं नसतं." आणि चुरमुरे घ्यायला गर्दीत शिरली.


शुक्रवार, १८ जानेवारी

मल्लेशमकडे गेलो. "मागितलंत?" म्हणाला. मी मान हलवली. कशी हलवली ते माझं मलाच सांगता येणार नाही. तो खूश झाला. घरी आल्यावर जेवायला बसलो नाही. सुंदरम्मानं ताट झाकून ठेवलं.


मंगळवार, २२ जानेवारी

प्लास्टर काढलं. अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं हलतात. उरलेली दोन वाकली ती तशीच राहणार.

दवाखान्याच्या पायरीवर मल्लेशमनं खिशातून सूत काढलं, दातांनी तोडलं आणि त्या तीन बोटांनी गाठ मारून दाखवली. "धाग्याला तीन पुरतात, मामा. बॉलला पाच लागतात. तो गेला." मग माझा हात धरला. "तुमी मागितलंत म्हणून तीन तरी वाचली."

मी मागितलं नव्हतं. एकदाही नाही.