हयात वामनकाकांस बावीस फोटोंचा खुलासा

बुऱ्हाणपूर,
गुरुवार, सकाळ

तीर्थस्वरूप वामनकाका यांस,
पुतण्या चेतनचा साष्टांग नमस्कार.

आपली आणि सुलभाकाकूंची तब्येत कशी आहे? (पत्रात हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तराची वाट कोणी बघत नाही. मी बघतोय.) तुम्ही मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंत, फोनही उचलत नाही, म्हणून हे पत्र तुमच्या खकनारच्या बसचा कंडक्टर भिकन याच्या हाती सकाळच्या फेरीला देतोय. माझ्या लग्नात घरच्यांचा फोटो काढला तेव्हा तुम्ही चांदनी स्टेशनवर पाहुणे उतरवून घ्यायला गेला होता आणि तुमच्यासाठी कोणी थांबलं नाही. तेव्हापासून नऊ वर्षं तुम्ही आणि बाबा एकमेकांशी बोलत नाही. त्यात आता माझ्या वेबसाइटने तुम्हाला स्वर्गवासी केलं. हे असंच राहिलं तर दोन्ही घरं कायमची तुटतील, म्हणून खुलासा करतो. चूक झाली हे मान्य आहे, पण चूक उच्च दर्जाची होती एवढं तुम्हीही मान्य कराल.

माझ्या साइटवर वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, हरवले-सापडले आणि श्रद्धांजली हे सगळं एकाच पानावर एकाखाली एक येतं. त्याचा कोड मी एकहाती लिहिलाय, पीएचपीमध्ये, एकाच फाइलीत, तीन हजार आठशे ओळी, वरून सुरू आणि खाली संपला. याला प्रोसीजरल पद्धत म्हणतात: आधी हे कर, मग ते कर, उगाच तत्त्वज्ञान नाही. माझी बायको दीपाली (तुम्ही तिला लग्नानंतर पाहिलेलं नाही; आता चष्मा लागलाय) इंदूरच्या कंपनीचं काम घरून करते आणि ती ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पक्षाची आहे. त्या पक्षाचं म्हणणं असं, की प्रत्येक जाहिरात हा स्वतंत्र ऑब्जेक्ट हवा, तिचं नाव, फोटो, मजकूर तिच्यापाशीच राहायला हवा. आमच्या घरात भांडण होतं ते या एकाच विषयावर. सासू-सुनेच्या भांडणाला त्यामुळे वेळच मिळत नाही.

तर सोमवारी तुमच्या पंचाहत्तरीच्या शुभेच्छा पानावर लागल्या, हसऱ्या फोटोसह. त्यांच्या खाली दापोऱ्याचे कडूआप्पा वारल्याची श्रद्धांजली होती. आप्पांच्या घरच्यांनी फोटोच पाठवला नव्हता. माझ्या कोडमध्ये फोटो ठेवायला एकच व्हेरिएबल. नवा फोटो आला की जुना जातो, आलाच नाही तर जुना तसाच बसून राहतो. म्हणजे तुम्ही बसून राहिलात. वर श्रद्धांजलीला आपोआप हार घालायची सोय मीच केलेली आहे (तिचं त्या दिवसापर्यंत फार कौतुक होत होतं). नाव स्पष्टपणे कडूआप्पांचं होतं, पण आपल्याकडे लोक फोटो बघतात आणि निघतात. तुमच्या दारात अठरा माणसं आली, त्यांना काकूंनी चहा केला आणि तो तुम्हीच ट्रेमधून बाहेर नेलात, हे मला भिकनकडून कळलं. त्यातल्या दोघांना चक्कर आली, याचं वाईट वाटतं.

दीपाली म्हणाली, "तुम्ही एकाच ताटात सगळी पंगत जेवायला घालताय, अन् मधी ताट धूत पण नाही." बोलणं झोंबलं, पण मी हट्टी माणूस नाही. दोन दिवसांत ऑब्जेक्ट-ओरिएंटेड विद्या शिकून घेतली. (लोकांना सहा महिने लागतात.) मजकूर जुन्या पद्धतीने ठेवला आणि फक्त फोटोचा क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट पाडायचा साचा केला; दोन्ही पक्ष खूश. बुधवारी पानाच्या अगदी शेवटी तुमच्या फोटोसह ठळक खुलासा टाकला: ‘श्री. वामनराव हयात आहेत.’ आणि पान चालू केलं.

आता यातलं शास्त्र असं, की प्रत्येक जाहिरातीसाठी नवा ऑब्जेक्ट बनवायचा असतो. मी सुरुवातीला एकच बनवला आणि बावीस जाहिरातींना तोच दाखवला. म्हणजे ताट पुन्हा एकच, फक्त या वेळी बावीस जण त्याच्याभोवती बसले आणि शेवटी जे वाढलं गेलं तेच सगळ्यांना दिसलं. शेवटी तुम्ही होता. त्यामुळे सरपंचपदी निवड तुमची, पहिला वाढदिवस तुमचा, श्रद्धांजल्या चारही तुमच्या, आणि चांदनीहून हरवलेली काळी म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका, तीही तुम्हीच. चाळीस मिनिटांनी दीपालीने पान बंद केलं. तोवर म्हशीबाबत तीन फोन येऊन गेले होते. एकाने तर तुम्हाला खकनारच्या बाजारात पाहिल्याचं सांगितलं.

पण काका, आता चिंता नको. काल संध्याकाळी प्रत्येकाला स्वतंत्र ऑब्जेक्ट दिलाय, सगळं तपासलंय. (दीपालीने तपासलंय. पण तपासायला मीच सांगितलं.) यापुढे माझ्या साइटवर तुम्ही मरणार नाही, हा माझा शब्द. जमलं तर माझा नंबर अनब्लॉक करावा. काकूंना नमस्कार सांगावा आणि त्या अठरा जणांत कोणी मोठं असेल तर त्यांनाही.

आपण हयात असल्याने अधिकच आज्ञाधारक,
चेतन

ता. क. – तुमच्या पंचाहत्तरीची जाहिरात मी दिली नव्हती. ‘एक हितचिंतक’ एवढंच लिहिलेला कागद माझ्या टेबलावर होता, अक्षर बाबांचं. सोबतचा फोटो तुमचा आणि बाबांचा होता. विचारलं तर "मले काप, त्याले राहू दे," म्हणाले. मी घाईत नीट कापला नाही. मोठा करून बघा, तुमच्या खांद्यावर जो हात दिसतो तो त्यांचा आहे.

ता. क. दुसरा – खरं काम राहिलंच. सोमवारी ते पान बघून बाबा मोबाइललाच म्हणाले, "वामन्या, मले न सांगताच चालला गेला का रे?" चूक आम्ही लगेच समजावली, त्यांनाही ती समजली, पण तेव्हापासून ते धड जेवत नाहीत. आज कडूआप्पांच्या घरी दापोऱ्याला भेटायला जातो म्हणालेत. भिकनला मात्र खकनारच्या दुपारच्या बसची वेळ विचारलीय. त्यावर भिकनने आज सकाळी मला जे सांगितलं ते आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं: "चेतनभाऊ, बाबूजी तर याच्या पयले बी तीन बार आले ना. स्टँडवर चहा पेते, तुमच्या काकाच्या गल्लीकडे पाहत बसते, अन् त्याच गाडीनं वापस."

बस तीन वाजता पोहोचते आणि वीस मिनिटं थांबते. काका, तुम्ही स्टँडवर जा.