उणे तीस आणि कोमट बोर्ड

गुरुवार, संध्याकाळ. अंबत्तूर, चेन्नई.

रघुनाथ मराठीत बोलायला लागला तेव्हाच ओळखायला हवं होतं. एरवी आमचा हा तंजावरी मॅनेजर इंग्रजीतच बोलतो; मराठी फक्त गळ घालताना.

ट्रकच्या ब्रेकमधला बिघाड नोंदवून ड्रायव्हरसमोर धोक्याचा दिवा लावणारा बोर्ड उणे तीस अंशांत मेमरीत काही लिहीतच नाही. मग चाचणीत पास कसा होत होता? आज कळलं. इथली दमट हवा शिरून आत बर्फ धरतो, म्हणून थंड चेंबरचं केबलचं भोक आम्ही बुजवून ठेवतो. त्यामुळे गार केलेला बोर्ड बाहेर काढून टेबलावर तपासतात. तोवर तो कोमट! आज भोक उघडून केबल आत घातली आणि थंडीतच तपासलं, तर प्रत्येक वेळी नापास. स्वस्तातला कपॅसिटर थंडीत मान टाकतो आणि ऐन लिहिताना व्होल्टेज पडतं. चांगला लावला, लगेच लिहिलं गेलं.

"परवाइल्लै सार, चालतंय," रघुनाथ म्हणाला, "हा लॉट उद्या जाऊ दे. पुढच्याला तुमचा कपॅसिटर घालू."

"आणि हे ट्रक लेहला गेले तर?"

"सगळे थोडेच जातात?"

कोमट बोर्ड. त्याच्या भरवशावर आम्ही ब्रेक पास करतो.

चाचणीच्या अहवालावर सही करणार नाही म्हणालो. चिडेल असं वाटलं होतं. तो हसला. "नका करू. टेबलावरच्या चाचणीवर मी करतो की."

लॉट सकाळी निघेल. बर्फात कुणाचा तरी ब्रेक बिघडेल आणि दिवा लागणार नाही. मी वाचवली ती फक्त माझी सही.