टोपली उतरवशील तेव्हा

पुणे, सोमवार

सुनीलच्या याडीले जय सेवालाल.

मी इथं ठणठणीत आहो, दोन्ही टाइम जेवतो. फोनवर तू रडते अन् ठेवून देते, म्हणून लिहून राह्यलो. सुनील आपल्या मायले वाचून दाखवेल.

यवतमाळले एमआरआय करायले गेली अन् तशीच परत काहून आली? नवरा जिवंत असताना केसातली घुगरी-टोपली उतरवत नाहीत, हे मले बी माहीत आहे. पण त्या मशीनमधी मोठं चुंबक असते, दागिना चालत नाही.

मी जिथं झाडू मारतो, त्या प्रयोगशाळेतल्या मॅडमले विचारलं. म्हणे, आंगातल्या पाण्यात बारीक कण असतात, ते एकाच वेळी वर बी पाहतात अन् खाली बी. चुंबक त्याइले बोलतं करते, अन् चाकू न लावता डोक्याच्या आतलं दिसते. मले काही समजलं नाही, पण मशीन त्याच्यावरच चालते.

डावा हात अजून सुन्न पडते काय? हातातून पुन्हा काही पडलं?

गुरुवारी जाय. टोपली काढून सूनबाईच्या हातात दे, अन् तिच्या फोनवरून लगेच मले लाव. मी पहिल्याच घंटीले उचलतो.

तुह्या टोपलीचा धनी,
धावजी