उघडलेलं इंजिन

४ मार्च

ति. दादास,
ठकूचा सा. न. वि. वि.

तुझा पराक्रम काल अंगणात उघडून ठेवला. बाबांच्या गाडीचं हेड गॅस्केट जळलंय. म्हणजे इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं झाकण, त्यालाच हेड म्हणतात, यांच्यामधला तो पातळ पत्रा. त्यामुळे पाणी तेलात शिरलं आणि तेलाची कॉफी झाली. बाबांना छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेताना तापमानाचा काटा लालमध्ये गेला, वाफ निघाली, तरी तू थांबला नाहीस. त्यामुळे बाबा वाचले, हा किरकोळ मुद्दा मी मान्य करते. ते मात्र घरी आल्यापासून तुझं पत्र वाचायला घेतलं की भिंतीकडे तोंड करतात.

दुरुस्ती मीच करतेय. आईने शिवणकामातली शिस्त आणली आहे: पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचलाय. कोपऱ्यावरचा मेकॅनिक बघून गेला. त्याच्याकडे म्हणे सगळे बोल्ट एकाच डब्यात पडतात आणि उरतील ते तो नफ्यात धरतो.

उपदेश असेल तर पाठव, इथे अगदीच तुटवडा आहे. राग आला तरी लोभ कमी करू नये.

तुझी,
ठकू

११ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

जिला साधी बरणी उघडत नाही तिने इंजिन उघडलं, हे वाचून ऊर भरून आला. गाडी भंगारात घाल, हा माझा नम्र सल्ला. तो तू ऐकणार नाहीसच, तर निदान बोल्ट एका टोकाकडून आवळत सुटू नकोस. मधून सुरू कर, बाहेर जा, आणि दर खेपेला थोडंच आवळ. हे पुस्तकातून सांगतोय. माझा स्वतःचा अनुभव फक्त जाळण्याचा.

बाबा बोलत नाहीत, ते फार लागतं गं. गाडी सुरू झाली की त्यांना विचार, मी येऊ का. नाही म्हणाले तर तसंच लिही, साखर घालू नकोस.

आईला नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे.

दादा

१९ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

गाडी सुरू झाली. मी गॅस्केट उलटं ठेवलं होतं. आई म्हणाली, अगं, अस्तर वर आलंय, पाण्याचं भोक झाकलं गेलंय. तिला इंजिनातलं काय कळतं हे मी सविस्तर समजावलं आणि ती आत गेल्यावर गुपचूप पालटलं. बोल्ट तुझ्या पद्धतीने आवळले. आयुष्यात एकदा तुझं बरोबर निघालं, त्याबद्दल अभिनंदन.

वाफ नाही, तेलही तेलासारखं दिसतंय. बाबा खिडकीत उभे होते. तुझा प्रश्न विचारला तर त्यांनी कागद मागितला. सोबतचं पाकीट मी फोडलेलं नाही. उजेडात धरून पाहिलं, पण काही वाचता आलं नाही.

लोभाची थकबाकी घेऊनच ये.

ठकू

१९ मार्च

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

ठकूने गाडी चांगली केली. आवाज जरा जास्त वाटतो, पण या घरात माझं ऐकतो कोण.

त्या दिवशी मागच्या सीटवर मी शुद्धीत होतो. वाफ मला तुझ्याआधी दिसली. त्या गाडीपायी तुम्हा दोघांना जन्मभर बोललो, दार जरा जोरात लावलं तरी. त्या दिवशी मात्र थांब म्हणालो नाही. जळू दे इंजिन, मला मरायचं नव्हतं. मग घरी सगळे गाडी तू घालवलीस म्हणू लागले आणि मी गप्प ऐकत राहिलो. तुझं पत्र वाचू लागले की लाज वाटायची, म्हणून तोंड फिरवायचो.

तू ये. मला तुला बघायचंय.

तुझे,
बाबा