पश्चिम काठाचा नमुना

३ सप्टेंबर
शी! कॉलेजमागच्या दलदलीत उतरायचं काम माझ्याच गळ्यात. बॉटनीच्या मॅडमना तिथलं मूळचं एक मॉस हवंय. ओल्यातच वाढणारं, पानांची टोकं विळ्यासारखी वळलेली. सापडलं तर दलदल वाचणार, नाहीतर तिथे पार्किंग. तीन काठ शोधून झाले, फक्त पश्चिम उरलाय. मॅडम म्हणाल्या, सगळं आता तुमच्यावर. योग्य माणूस निवडला. बारा वर्षं लॅब सांभाळतोय. मॉस ओळखणं माझ्या डाव्या हातचा मळ.

४ सप्टेंबर, सकाळी ७
उद्यापासून नक्की.

६ सप्टेंबर
गेलो. काय ती घाण! कुजका वास, पायाखाली पचपच, बुटात काहीतरी वळवळलं. बायको म्हणाली होती गमबूट घाला. पण घरात शास्त्र कोणाला कळतं? मला. परत काठावर आलो आणि दुर्बिणीने पाहिलं. सगळं हिरवं. म्हणजे आहेच.

७ सप्टेंबर
बुटांचा वास जात नाही. बायकोने ते गॅलरीत फेकले. मलाही तिकडेच झोपायला सांगितलं.

९ सप्टेंबर
डोकं चालवलं. आमच्या बाथरूममध्ये नळामागच्या भिंतीवर हिरवीगार गादी आहे. ओलं ते ओलं. भिंगातून टोकं वळलेली दिसली. निदान वळायच्या विचारात असलेली. कागदी पाकिटात भरून वर लिहिलं, 'पश्चिम काठ'. बायको म्हणाली, अहो, ही चक्क लबाडी आहे. म्हटलं, चिखलात डुंबायला मी काय म्हैस आहे?

१० सप्टेंबर
पाकीट दिलं. मॅडमनी दोन्ही हातांनी घेतलं. शोधणाऱ्याचं नाव मॉसला देतात म्हणे. माझं आडनाव शोभेल.

१४ सप्टेंबर
मॅडम म्हणतात, हे सिमेंटच्या भिंतीवरचं साधं मॉस. शिपाईसुद्धा हसला. नाचता येईना अंगण वाकडं! आधी मायक्रोस्कोप पुसा म्हणावं.

१७ सप्टेंबर
दलदलीचं ठरवणाऱ्या कॉलेज कमिटीची मीटिंग. मॅडमचा रिपोर्ट वाचला गेला. पश्चिम काठावर सिमेंटवरचं मॉस उगवतंय, अर्थात तिथे बांधकामाचा राडारोडा पडून जमीन बिघडलीय. वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. दलदल बुजवायला मंजुरी. पण मी कुठे काय म्हणालो होतो? मी फक्त पाकीट दिलं.

२२ सप्टेंबर
ट्रक आले. कॉलेजच्या माळीबुवांनी उपसलेल्या चिखलातून मूठभर हिरवं आणलं, म्हणाले, साहेब, हे कसलं बघा. भिंग लावलं. विळेच विळे. मी दुर्बीण घेऊन उभा होतो, तिथून चार पावलांवरचं.
माझीच किळस आली.

२२ सप्टेंबर, दुपारी ४
अजून एकच कोपरा बुजलाय. आत्ता सांगितलं तर थांबवतील. मॉस रुमालात बांधून खिशात घातलं आणि सगळं कबूल करायला मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. त्यांचे डोळे लाल होते. नऊ वर्षं भांडल्या त्या दलदलीसाठी. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, दुसऱ्या कोणी वाईट नमुना दडवला असता, तुम्ही प्रामाणिकपणे आणून दिलात. मग माझ्यासाठी चहा मागवला.
प्यालो. बिस्किटंही खाल्ली.