टांगलेला पाय आणि सर्वधर्म संवाद

३ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. दुसरं काही करताच येत नाही. उजवा पाय लोखंडी चौकटीला टांगलाय. पायाला दोरी, दोरी एका चाकावरून खाली, खाली पाच किलोचं वजन. पाच आठवडे असंच. कुशीवर वळायचं नाही, उठून बसायचं नाही.

कसं झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे अफवा नकोत. शनिवारी आमच्या सर्वधर्म संवाद मंडळाच्या सभेत माझं अध्यक्षीय भाषण चालू होतं. ‘कधीकधी आपणच एक पाऊल मागे घ्यायला हवं,’ असं म्हणून मी एक पाऊल मागे घेतलं. व्यासपीठ तिथे संपलं होतं.

हाड मोडलं, मुद्दा मोडला नाही. टाळ्याही पडल्या. लोकांना वाटलं, भाषणातलाच भाग आहे.

३ मार्च, दुपारी
खोलीत तीन खाटा. मी मधल्या खाटेवर. खिडकीकडे एक मुसलमान गृहस्थ, नडगीला मोठं बँडेज. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दाराकडे एक ख्रिश्चन, बांधकामावर क्रेन चालवतात, उजवा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये. ते हिंडूफिरू शकतात.

मंडळात आम्ही अकरा सभासद. अकराही आपलेच. तीन वर्षं इतर धर्मांचं कुणी मिळत नव्हतं. इथे डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि दोघांनाही कुठे जायचं नाही. देवानेच बैठक भरवली म्हणायची.

निश्चय: रोज चार ते पाच संवादाचा तास. घरी जाईपर्यंत या खोलीचा कायापालट.

४ मार्च
पहिला तास. विषय: सर्व धर्म एक. मीच बोललो, कारण विषय माझा होता. पंचावन्न मिनिटं. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. मास्तरांनी विचारलं, खिडकी थोडी लावू का? क्रेनवाल्यांचा प्रश्न नव्हता, ते कॉरिडॉरमध्ये होते.

सुरुवात उत्तम.

६ मार्च
मास्तर पडल्यापडल्या नमाज पढतात. झाल्यावर मी त्यांना नमाजामागचा खरा अर्थ समजावून सांगितला. शांतपणे ऐकून म्हणाले, ‘असं असतं का? मला माहीत नव्हतं.’

बघा. साठी उलटलेला माणूस, जन्मभर नमाज पढतोय, आणि माहीत नव्हतं. या कामाची गरज आहे ती अशी.

संध्याकाळी ही आली. माझ्याजवळ पाच मिनिटं बसली, मग अर्धा तास मास्तरांशी, वीस मिनिटं क्रेनवाल्यांशी. कशावर बोललात विचारलं तर म्हणाली, असंच, इकडचं तिकडचं. तिला म्हटलं, अगं, ही दोन माणसं म्हणजे दोन संस्कृती आहेत, त्यांच्याशी इकडचं तिकडचं काय बोलतेस? ती डबा विसळायला गेली.

९ मार्च
आज एक विलक्षण अनुभव. तास चालू असताना क्रेनवाले माझ्या पायाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, ‘साहेब, दोरी चाकावरून सरकतेय.’

मी भारावलो. साधा कष्टकरी माणूस, पण बोलतो प्रतीकांतून. दोरी म्हणजे श्रद्धा, चाक म्हणजे काळ. यावर मी वीस मिनिटं बोललो. ते डोकं खाजवत होते. विचार करताना करतात तसं.

११ मार्च
ते पुन्हा आले. ‘साहेब, मी खरंच दोरीबद्दल बोलतोय.’

‘खरंच’ या शब्दावर जोर. सत्याची ही ओढ मला फार भावली.

थोड्या वेळाने सिस्टर आल्या, म्हणाल्या दोरी बघायची आहे. माझा महत्त्वाचा मुद्दा चालू होता. दहा मिनिटांनी या म्हटलं. त्यांची ड्यूटी संपली.

पाठ फार दुखते. छताला एकशे बारा चौकोन आहेत. एकशे बारा.

१३ मार्च, सकाळी
क्रेनवाले आज दोरीकडे बघत अंगठा आणि दोन बोटं दाखवून काहीतरी समजावत होते. मी म्हटलं, हो हो, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, माझा अभ्यास आहे. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं.

१३ मार्च, दुपारी
दोरी सुटली. वजन धाडकन जमिनीवर. पाय खाली. मी ओरडलो नाही. खोलीतल्या सगळ्यांचं मत वेगळं आहे.

१४ मार्च
एक्स-रे. हाड सरकलंय. दोन आठवडे वाढले. डॉक्टर सिस्टरवर चिडले. सिस्टर म्हणाल्या, ‘यांना तीनदा सांगितलं होतं, विचारा हवं तर.’ क्रेनवाले कॉरिडॉरमध्ये गेले. मी छताकडे बघितलं. संवादात गैरसमज ही पहिली पायरी असते, असं मी माझ्याच पुस्तिकेत लिहिलंय. पान सात.

सात आठवडे. श्वास घेतला की छत खाली येतंय असं वाटतं.

१७ मार्च
आत्मपरीक्षण केलं. चूक सापडली: मी ऐकण्यावर पुरेसं बोललो नाही.

निश्चय: आठवडाभर विषय एकच, ऐकणं. आज पन्नास मिनिटं ‘ऐकण्याचं महत्त्व’. मध्ये मास्तर काहीतरी सांगू लागले होते. त्यांना म्हटलं, प्रश्नोत्तरं शेवटी. शेवटी ते म्हणाले, राहू द्या.

२० मार्च
डॉक्टर मास्तरांच्या खाटेशी बराच वेळ उभे होते. हळू बोलत होते. ते गेल्यावर मास्तरांनी माझ्याकडे मान वळवली. पहिल्यांदाच, स्वतःहून.

‘गुडघ्याखालून काढावा लागेल म्हणतात,’ ते म्हणाले. ‘शनिवारी.’

मग म्हणाले, ‘साहेब, तुम्हाला कधी भीती वाटते का हो?’

एवढा थेट प्रश्न. अडीच आठवड्यांच्या मेहनतीचं फळ. मी भीती या विषयाची मांडणी तीन भागांत केली: विविध धर्मांत भीती, भीती आणि भक्ती, भीतीपलीकडे. दुसऱ्या भागात चहा आला. तिसऱ्या भागात मास्तरांनी डोळे मिटले. डोळे मिटून ऐकणारा श्रोता भाग्यानेच मिळतो.

रात्रीचं जेवण त्यांनी परत पाठवलं. अन्न बेचव असतं इथलं.

२१ मार्च
चारच्या ठोक्याला मी विषय घेतला तोच क्रेनवाल्यांनी आपलं स्टूल उचललं, माझ्या खाटेला वळसा घातला आणि मास्तरांच्या पायथ्याशी मांडलं. बसले. डावा हात मास्तरांच्या पावलावर ठेवला. त्याच, उद्या जाणाऱ्या पावलावर.

मग काहीच नाही. तासभर. मास्तर छताकडे बघत होते, क्रेनवाले जमिनीकडे. एकदा मास्तर काहीतरी पुटपुटले, क्रेनवाले ‘हं’ म्हणाले. बस्स.

मी दोनदा विषय काढून द्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा क्रेनवाल्यांनी न बघता प्लास्टरचा हात थोडा वर केला. क्रेनच्या भाषेत थांबा असं असणार.

ही आली होती, पण दारातच उभी राहिली. आत आली तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, धूळ गेली.

संवादाचा अख्खा तास वाया. दोन वेगळ्या धर्मांची माणसं इतक्या जवळ, आणि एक मुद्दा निघाला नाही.

२२ मार्च
नऊ वाजता मास्तरांना नेलं. जाताना त्यांनी क्रेनवाल्यांना मान हलवली. मग मलाही. मी म्हणालो, परमेश्वर एकच आहे. स्ट्रेचर तोवर दाराबाहेर होतं.

क्रेनवाले त्यांची छोटी काळी पोथी घेऊन बसले. ओठ हलत होते. मी म्हटलं, मी एक सर्वधर्म प्रार्थना रचलीय, अकरा कडवी, मोठ्याने म्हणू या. ते म्हणाले, ‘साहेब, आत्ता मनात म्हणा.’

मनात म्हणायला घेतली. तिसऱ्या कडव्याला अडलो. डोक्यात सारखं ते पाऊल येत होतं. टाचेला भेग होती, एक नख काळं. इतके दिवस समोर होतं, आणि मी ते कालच पाहिलं.

एकाग्रता कमी पडतेय. दुखण्याच्या गोळ्यांचा परिणाम.

२४ मार्च
मास्तर परत आले. पांघरूण एका बाजूला सपाट दिसतं. तिकडे बघवत नाही, आणि मान दुसरीकडे वळवून जास्त वेळ ठेवता येत नाही.

त्यांच्या खाटेचा पडदा ओढलाय. फक्त माझ्या बाजूचा. वाऱ्यासाठी असेल.

२६ मार्च
पंखा दुसऱ्या बाजूला आहे.

२७ मार्च
चार वाजले. तास घेतला नाही. घसा बसलाय असं सिस्टरना सांगितलं. त्यांनी घसा तपासला, म्हणाल्या, चांगला आहे.

पडद्यापलीकडे ही, मास्तर आणि क्रेनवाले. मास्तरांनी काहीतरी सांगितलं आणि तिघंही हसली. काय ते ऐकू आलं नाही. मान उचलली तर पाठीत कळ येते. हिला नंतर विचारलं. म्हणाली, सांगण्यासारखं काही नव्हतं, तिथे असायला हवं होतं. मी तीन फुटांवर होतो.

२९ मार्च
क्रेनवाल्यांना घरी सोडलं. निरोपासाठी मी चार ओळी काढून ठेवल्या होत्या. ते पडद्याआड बराच वेळ होते. मग माझ्याकडे आले. डाव्या हाताने दोरी चाचपली, चाक फिरवून पाहिलं, वजन हलकंच झुलवलं. ‘आता बरोबर आहे,’ म्हणाले, आणि गेले.

ओळी तशाच राहिल्या. उगाच घाई करतात लोक.

दुपारी हिने सांगितलं, त्यांचा हात कसा मोडला ते. वरून सामान निसटलं, खाली दोन मजूर होते, यांनी ओढून बाजूला केले. तू मला आधी का नाही सांगितलंस विचारलं. म्हणाली, त्यांनी तुम्हालाच सांगायला घेतलं होतं, पहिल्या आठवड्यात. तुम्ही म्हणालात, प्रश्नोत्तरं शेवटी.

मला आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे.

१ एप्रिल
मोठा निश्चय वगैरे नाही. पडदा उघडा असला तर मास्तरांना विचारायचं, बरं वाटतंय का. एवढंच.

पडदा उघडला नाही.

३ एप्रिल, दुपारी ४
मास्तर घरी निघाले. त्यांची भाची न्यायला आली होती. पडदा सरकला, चाकाची खुर्ची माझ्या खाटेपाशी थांबली. मास्तर बारीक झालेत. मांडीवर कपड्यांची पिशवी.

मी तोंड उघडलं आणि एकही मुद्दा सुचेना. मग विचारलं, ‘मास्तर, तुम्ही शिकवायचात काय?’

‘भूगोल.’

‘किती वर्षं?’

‘बत्तीस.’

‘आवडायचं?’

ते माझ्याकडे बघत राहिले. तास संपताना वर्गात शिरलेल्या मुलाकडे बघावं तसे. मग थोडं हसले. ‘ते सांगायचं तर वेळ लागेल, साहेब. खाली गाडी उभी आहे.’

‘मला वेळ आहे,’ मी म्हणालो.

‘हो,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला आहे.’

भाचीने खुर्ची वळवली. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत एक चाक कुरकुरत होतं, मग लिफ्टचं दार लागलं.

अजून सोळा दिवस.