रेनोचं तळं

हॅनकॉक, मिशिगन
१४ सप्टेंबर १९८७

चि. कारीनास हेल्मीआत्याचे अ. उ. आ.
इकडे सर्व क्षेम, माझा गुडघा सोडला तर.

रेनोला जाऊन पाच महिने झाले, पण त्याचं टपाल काही थांबत नाही. परवा एका दंतवैद्याचं पत्र आलं. तुमच्या भावाने काढलेले रानाचे फोटो चर्चच्या तळघरात पडद्यावर पाहिले आणि पन्नाशीत पहिल्यांदा तंबूत झोपलो, पाठ धरली, तरी पुन्हा जाणार आहे, असं लिहितो. रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवणारा माझा भाऊ, अर्धं गाव रानात हिंडायला लावून गेला.

आता काम सांगते. १० ऑक्टोबरला त्याच्या आठवणीसाठी गावाने सहल ठरवली आहे, त्याच्या त्या प्रसिद्ध फोटोतल्या तळ्यावर. धुकं, वाकलेलं झाड आणि एका पायावरचा बगळा. पण ते तळं आहे कुठे, हे कुणालाच ठाऊक नाही. विचारलं की रेनो कॉफी ढवळत बसायचा. आमच्या पोस्टातली इना सालो तर नवरा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, दर रविवारी ते शोधते आहे. रेनोच्या वह्यांची नि निगेटिव्हची पेटी तुझ्याकडे आहे. जरा बघशील? तुला रानाचं वावडं आहे, पण पेटी काही चावत नाही.

तुझी,
हेल्मीआत्या

मिलवॉकी
२१ सप्टेंबर

ती. हेल्मीआत्यास कारीनाचा सा. न. वि. वि.

खरं सांगते, पेटी आजवर उघडलीच नव्हती. तुझ्या पत्रानंतर उघडली आणि पहिल्याच पाकिटावर लिहिलेलं दिसलं: तळं, जून १९५८. आत्या, तो माझा जून आहे. सात वर्षांची मी, सांध्यांच्या तापाने सहा आठवडे इस्पितळात पडून होते. भेटायला दर रविवारी तासभर, तेही ठरलेल्या एकाच मोठ्या माणसाला सोडत. आई यायची. बाबा कुठे आहेत विचारलं की रानात, म्हणायची. सगळ्या गावाला त्यांनी हात धरून बाहेर नेलं, आणि मला भेटायला एकदा दारापर्यंत आले नाहीत. हे मी अजून गिळलेलं नाही.

पण एक कोडं आहे. त्या उन्हाळ्यात आपली गाडी बिघडून पडली होती. मग बाबा त्या तळ्यावर गेले कसे? तुला काही आठवतं का? गुडघा दाखवून घे, नुसता शेकत बसू नकोस.

तुझी भाची,
कारीना

हॅनकॉक
२५ सप्टेंबर

चि. कारीनास अ. आ.

गाडी बंद होती खरी. इतक्या जुन्या गोष्टी मला कुठल्या आठवायला? पेटी मिटून ठेव. तळं सापडलं नाही, असं मी सहलीच्या समितीला कळवते. वेलचीचा पाव धाडला आहे, शिळा व्हायच्या आत खा.

हेल्मीआत्या

मिलवॉकी
१ ऑक्टोबर

ती. हेल्मीआत्यास सा. न.

पाव उत्तम होता. आणि तुला खोटं बोलता येत नाही.

तळ्याचं ते निगेटिव्ह मी दिव्यासमोर धरलं. छापताना बाबांनी त्याची डावी बाजू कापून टाकली होती. त्या बाजूला विटांची भिंत आहे, लोखंडी जिना आहे, आणि वर तिसऱ्या मजल्यावर खिडक्या. एका खिडकीला कागदी ससे चिकटवले आहेत. ते मी कापले होते. चिकटवले नर्सबाईंनी, कारण मला उठायची मनाई होती.

मग वही काढली. बाबांचं अक्षर तू जाणतेसच, मुंग्या चालल्यासारखं. ९ जून: पडदा बंद. दोन तास थांबलो. बगळा आला. १० जून: पडदा उघडा. बगळा नाही. चालेल. असं ओळीने एकेचाळीस दिवस.

आत्या, मला कुणी का सांगितलं नाही?

कारीना

हॅनकॉक
४ ऑक्टोबर

चि. कारीनास अनेक आशीर्वाद.

रेनोने माझ्याकडून शब्द घेतला होता; फोटोतलं तळं तेच, हे मात्र तू जून लिहिलास तेव्हाच मला उमगलं. पोरीला सांग, असं मी किती वेळा म्हटलं. तो म्हणे, तिच्या काळजाला सूज आहे, हलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. मी खाली आहे असं कळलं तर ती खिडकीशी यायला उठेल. कामावरून सुटला की चालत इस्पितळामागे जायचा. नुसता उभा दिसलास तर हाकलतील, म्हणून कॅमेरा मीच शेजाऱ्याचा मागून दिला. तेव्हापासून तो त्याच्या हातातून सुटला नाही. पुढे तू बरी झालीस, आणि त्याच्याशी तुझं बोलणंच कमी झालं. मग तो म्हणाला, आता सांगणं म्हणजे उपकार मोजून दाखवणं.

मी उद्या गुडघा कापून घ्यायला लेकाकडे डलूथला जाते. सहलीला ये, किल्ली शेजारी आहे. फक्त इनाला हे सांगू नकोस. ते तळं कधीच बुजवलं. एकोणसत्तर वर्षांची बाई, तिचं सगळं चित्त त्या शोधात आहे.

तुझी,
आत्या

हॅनकॉक, तुझं स्वयंपाकघर
११ ऑक्टोबर

ती. हेल्मीआत्यास सा. न. वि. वि.

गुडघा वाकतो का, ते आधी कळव.

इनाला मी सांगितलं. रागावू नकोस. मला एकोणतीस वर्षं जपलं गेलं, त्याचं काय झालं ते तू पाहिलंस. काल सकाळी तिला इस्पितळामागे नेलं. तिथे आता गाड्या लावतात. वही वाचायला दिली. वाचून झाल्यावर ती डांबराकडे बोट दाखवत म्हणाली, शोधायला निघताना थर्मास भरून घ्यायला मी दर रविवारी गाडी इथेच तर लावते. आणि जी हसत सुटली, ती शेवटी माझ्या खांद्यावर रडली.

वाचनालयापुढे सहलीसाठी ऐंशी माणसं डबे घेऊन उभी होती. इना पायरीवर चढली. रेनोचं तळं गाडलं गेलंय, ते कुठे होतं हे त्याची लेक वाटलं तर सांगेल, म्हणाली. मग आपला नकाशा कठड्यावर पसरला. त्यावर एकशे सहा तळ्यांवर फुल्या होत्या. ही नव्हेत म्हणून मी खोडलेली, म्हणाली, कुणाला कुठलं बघायचंय? लोक भाजीबाजारात वाकतात तसे वाकले. मीही मग सगळं सांगितलं.

मी इनाबरोबर गेले. बुटांत चिखल शिरला, फांद्यांनी मान ओरबाडली. काठावर दीड तास उभी होते आणि काहीही आलं नाही. परत फिरावंसं मात्र वाटलं नाही. ऑफिसला कळवते आहे, गुरुवारी येते म्हणून. उद्या पुढच्या फुलीवर जायचं आहे.

बाबांची नि तुझी माया होतीच, इतकी वर्षं मी ती कमी धरली, एवढं माफ कर.

तुझी,
कारीना